प्रश्नाचा वारसा

कुवेतमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. सकाळची वंदना आटोपली की आपल्या काही कुटुंबांतील मुले एका घरी जमतात आणि दीड-दोन तास वाचन करतात. विहार नाही, फलक नाही. दिवाणखान्यात अंथरलेली सतरंजी, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, आणि हातोहात फिरून मऊ पडलेली चार-सहा पुस्तके, एवढाच या वर्गाचा संसार. मुले येथील भारतीय शाळांत इंग्रजीतून शिकतात. मराठी वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतात. तरीही ती वाचतात, आणि आम्ही काही जण आळीपाळीने त्यांच्यासोबत बसतो.

मागील हिवाळ्यात अशाच एका शुक्रवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा भाग वाचला जात होता. शाक्य आणि कोलिय, रोहिणी नदीचे पाणी, युद्धाचा ठराव, त्याला सिद्धार्थाने केलेला विरोध, असे वाचता वाचता अकरा वर्षांची एक मुलगी थांबली. तिने विचारले, “आमच्या शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकात लिहिलंय की सिद्धार्थाने म्हातारा माणूस, आजारी माणूस आणि प्रेत बघितलं म्हणून घर सोडलं. इथे तर नदीच्या पाण्याचं भांडण आहे. मग खरं कोणतं? आणि बाबासाहेबांना ते कसं कळलं?”

वर्गात बसलेल्या एका ज्येष्ठ काकांनी प्रेमानेच उत्तर दिले, “बाळा, बाबासाहेबांनी लिहिलंय म्हणजे तेच खरं. पुढे वाच.” मुलगी पुढे वाचू लागली. वर्ग चालवणारे आम्ही तेथेच होतो. आम्ही काहीच बोललो नाही. खरे सांगायचे तर तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते, आणि काकांच्या उत्तरामुळे आमची सुटका झाली होती.

त्या सुटकेची टोचणी नंतर बरेच दिवस राहिली. ज्या ग्रंथकर्त्याने आयुष्यभर ग्रंथांना प्रश्न विचारले, त्याच्याच ग्रंथापाशी प्रश्न थांबवणे आपल्याला शोभते काय, याचा शोध घेताना आपल्याच इतिहासाची काही पाने आम्ही पुन्हा उघडली. त्यांत जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुभेदारांच्या घरातील प्रश्न

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी १९५६ मध्ये लिहिलेली एक प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. ती पुढे प्रकाशात आली. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे बाबासाहेबांनी तीत सांगितले आहे, आणि त्या कथेच्या मुळाशी एका मुलाने वडिलांना विचारलेला प्रश्न आहे.

सुभेदार रामजी हे धार्मिक वृत्तीचे, शिस्तीचे गृहस्थ. मुलांनी रामायण-महाभारताचे वाचन केले पाहिजे असा त्यांचा दंडक होता. बाल भीमरावाने एके दिवशी विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पुन्हा पुन्हा येते, ते आपण का वाचावेत? वडिलांना हा प्रश्न रुचला नाही. तुम्ही मुले आहात, असले वेडगळ प्रश्न विचारू नका, सांगितले तेवढे करा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा केला. या वेळी सुभेदारांनी विचार करून उत्तर दिले. आपण अस्पृश्य असल्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव आहे. द्रोण, कर्ण यांच्यासारखी सामान्य स्थितीतील माणसे किती उंचीवर पोहोचली आणि कोळी असलेला वाल्मीकी रामायणाचा कर्ता कसा झाला, हे वाचून तो गंड दूर होईल, असा त्यांचा हेतू होता. उत्तरात तथ्य होते, हे बाबासाहेबांनी मान्य केले आहे. तरी त्यांचे समाधान झाले नाही. भीष्म-द्रोणांचा दुटप्पीपणा, कृष्णाचे कपट, वालीचा वध, सीतेशी रामाचे वर्तन ही सारी उदाहरणे त्या मुलाने वडिलांपुढे मांडली. वडील निरुत्तर झाले.

याच सुमारास कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले होते. ते वाचून आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेब सांगतात. मात्र ते पुस्तक हाती आले तेव्हा मन रिकामे नव्हते. त्यात एक अनुत्तरित प्रश्न आधीच होता. प्रश्न न पडलेल्या मुलाच्या हाती तेच पुस्तक पडते, तर ते बक्षिसाचे पुस्तक म्हणून फळीवर राहिले असते.

सुभेदारांचे पहिले उत्तर आणि आमच्या वर्गातील काकांचे उत्तर शेजारी ठेवून पाहावे. दोन्हींत माया आहे, दोन्हींत मुलाचे भले चिंतिले आहे, आणि दोन्हींत प्रश्न बंद केला आहे. सुभेदारांचे मोठेपण असे की दुसऱ्या वेळी त्यांनी मुलाला कारण सांगितले.

पुस्तक कोणाचे?

परंपरा याहूनही जुनी आहे. १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ या दोन अंकांत ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. लेखिका मुक्ता साळवे ही फुले दाम्पत्याच्या पुण्यातील शाळेची सुमारे चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले अत्याचार, इमारतींच्या पायांत जिवंत माणसे गाडण्याची क्रूर रीत, छपराविना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल हे सारे तिने निर्भीडपणे लिहिले. परंतु त्या निबंधाची खरी धार तिच्या युक्तिवादात आहे. वेद आमचेच, आम्हीच ते वाचावेत, असे ब्राह्मण म्हणत असतील तर उघडच आम्हांला धर्मपुस्तक नाही, आणि धर्मपुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरतो. मग देवाने आमचा धर्म कोणता ते सांगावे, असे ती विचारते.

या प्रश्नाची खोली ध्यानात घेण्याजोगी आहे. पुस्तकात काय लिहिले आहे, हा प्रश्न कोणताही विद्यार्थी विचारतो. मुक्ताने त्याच्या अलीकडे जाऊन विचारले, की पुस्तक कोणाचे आहे, ते वाचण्याचा अधिकार कोणी कोणाला नाकारला, आणि नाकारलेल्यांवर त्याच पुस्तकाची बंधने कशी लादता येतात? तीन-चार वर्षांच्या शाळेत ही मुलगी केवळ अक्षरओळख शिकली नव्हती. दुसऱ्याच्या विधानातून काय निष्पन्न होते ते पाहावे आणि ते त्याच्यापुढेच ठेवावे, ही रीत ती शिकली होती. ज्यांनी ती शिकवली त्या सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या अध्यापनाची याहून मोठी साक्ष दुसरी कोणती द्यावी?

जोतीरावांनी स्वतः १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती संवादरूपाने. धोंडीबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरे देतात. अवतारकथा घेऊन एकेकीला अगदी साधे प्रश्न विचारले जातात: हे असे घडू शकते काय, घडले असल्यास त्याचा अर्थ काय, आणि ही गोष्ट रचण्यात कोणाचा लाभ होता? त्यांची काही उत्तरे आज इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येणार नाहीत. भाषाशास्त्र, पुरातत्त्व यांनी पुढे पुष्कळ नवे सांगितले आहे. तरीही पुस्तक जुने झाले नाही, कारण त्यातील प्रश्न जुने झालेले नाहीत. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेल्या समाजाचे नावही लक्षात घ्यावे. सत्य आम्हांला गवसले आहे असा त्या नावाचा दावा नाही. आम्ही ते शोधीत आहोत, एवढेच ते सांगते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, आणि शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून यावेत असे सुचवले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील अंतर कमी झाले की प्रश्न विचारण्याची भीतीही कमी होते, हे आम्हांला आज त्या सूचनेतून उमगते.

प्रश्नचिन्ह असलेली पुस्तके

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई हे त्यांचे एक अध्यापक होते. कोणतीही समजूत जशी मिळाली तशी न स्वीकारता तिचा आधार कोणता आणि तिच्यापासून पुढे काय निष्पन्न होते हे चिकाटीने तपासणे, यालाच ड्यूई विचार म्हणत. १९३६ मधील ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या गुरूचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. हे मूळचे भाषण लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले होते. मंडळाला त्यातील मते पेलली नाहीत, सभा रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. शास्त्रांच्या प्रामाण्याविषयी प्रश्न विचारल्याविना जात नष्ट होणार नाही, हा त्यातील मुख्य युक्तिवाद आहे.

त्यांच्या दोन ग्रंथांची तर शीर्षकेच प्रश्नार्थक आहेत. १९४६ मध्ये ‘शूद्र कोण होते?’ हा ग्रंथ आला. तो त्यांनी महात्मा फुले यांना अर्पण केला. १९४८ मध्ये ‘अस्पृश्य’ हा ग्रंथ आला, आणि ते मूळचे कोण व अस्पृश्य का झाले हे दोन प्रश्न त्याने मुखपृष्ठावरच मांडले. या दुसऱ्या ग्रंथाची प्रस्तावना मुलांना शिकवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. पुरावा जेथे तुटतो तेथे इतिहासकाराने काय करावे, या अडचणीची बाबासाहेब तीत मोकळेपणाने चर्चा करतात. खरे-खोटे, निश्चित-अनिश्चित आणि संशयास्पद-अग्राह्य यांची निवड करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य होय, हे गटेचे मत ते आधाराला घेतात. काही दुवे आपण अनुमानाने जोडले आहेत हे वाचकापासून लपवीत नाहीत, आणि टीकाकारांना आपला सिद्धान्त तपासून पाहण्याचे आवाहन करतात.

म्हणजेच, कोठे पुरावा आहे आणि कोठे अनुमान आहे, हे ज्या लेखकाने स्वतःच वाचकाला सांगितले, त्या लेखकाला ‘हे तुम्हांला कसे कळले?’ असे विचारणे हा त्याचा अनादर होऊ शकत नाही. त्याला असाच वाचक हवा होता.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. उत्तर शोधण्यासाठी आम्हांला काही आठवडे लागले.

पहिली गोष्ट अशी की, तिचा प्रश्न हा मुळात बाबासाहेबांचाच प्रश्न आहे. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. बुद्धाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहे की नंतरची भर? आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाने कर्म आणि पुनर्जन्म कोणत्या अर्थाने मानले? आणि भिक्खू-संघ निर्माण करण्यामागे हेतू कोणता होता, परिपूर्ण माणूस घडवणे की समाजाचा सेवक घडवणे? पहिल्या प्रश्नात ते म्हणतात की जरा, व्याधी आणि मृत्यू ही दृश्ये नित्याची आहेत. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ती सिद्धार्थाच्या दृष्टीस पडलीच नाहीत, हे पटण्याजोगे नाही. हे चार प्रश्न मांडून झाल्यावर, वाचकांनी पुढे यावे आणि त्यांच्या उकलीत आपली भर घालावी, अशी अपेक्षा ते व्यक्त करतात. अकरा वर्षांची ती मुलगी नकळत त्या निमंत्रणाला मान देत होती.

दुसरी गोष्ट मूळ ग्रंथांत सापडते. वृद्ध, रुग्ण, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांची कथा दीघनिकायातील महापदानसुत्तात येते, पण तेथे ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितली आहे. गौतम बुद्धांच्या चरित्रात ती नंतरच्या चरित्रग्रंथांतून स्थिरावली. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात तथागत स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे मध्यरात्रीचे गुप्त पलायन नाही. आई-वडील रडत असताना आपण केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रे धारण करून घराबाहेर पडलो, असे ते सांगतात. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात, थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी आणि परस्परांशी झगडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असा आपल्या मनातील संवेगाचा उल्लेख तथागत करतात. गोव्यात जन्मलेले पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात या सुत्तांकडे वाचकांचे लक्ष वेधले होते.

तिसरी गोष्ट सांगताना काहींना संकोच वाटेल, परंतु ती सांगितली पाहिजे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला कलह पाली अट्ठकथांत आणि जातककथांत येतो खरा. पण तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतर घडतो आणि तथागत स्वतः जाऊन तो मिटवतात. गृहत्यागाचे कारण म्हणून त्याची केलेली मांडणी हा बाबासाहेबांच्या चिंतनातून आलेला निष्कर्ष आहे. तो हवेतून आलेला नाही. कलहाची परंपरा, शस्त्र आणि भय यांविषयीची गाथा, आई-वडिलांच्या देखत झालेला गृहत्याग, आणि जुन्या कथेतील अशक्यता, हे सारे एकत्र विचारात घेतले की त्या निष्कर्षाचे बळ दिसते.

‘तेच खरं, पुढे वाच’ या उत्तराने मुलीला एक वाक्य मिळाले होते. हे उत्तर मिळाल्यावर तिला बाबासाहेबांचे काम दिसले: एक माणूस अनेक ग्रंथ समोर ठेवून बसला आहे, एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहतो आहे, आणि आपल्या बुद्धीला पटेल तेच लिहितो आहे. पुढच्या एका शुक्रवारी आम्ही तिन्ही कथा मुलांपुढे ठेवल्या. कोणती अधिक जुनी, कोणती कोणाविषयी, कोणत्या कथेत सिद्धार्थ काही ठरवतो आणि कोणत्या कथेत त्याच्यावर केवळ प्रसंग येतो, हे त्यांना शोधायला सांगितले. तासाभराने तीच मुलगी म्हणाली, “बाबासाहेबांना कळलं नव्हतं, त्यांनी शोधून काढलं.” कळणे आणि शोधून काढणे यांतील हा भेद तिचा तिला उमगला. आमच्या आधीच्या मौनाने तो तिच्यापासून हिरावला जाणार होता.

मिलिंद हे नाव

१९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली. या संस्थेला नाव मिळाले मिलिंद महाविद्यालय, आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. आमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी, वडिलांनी घराण्यातील पहिली पदवी याच वास्तूत घेतली.

मिलिंद म्हणजे मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा, राजधानी सागल, म्हणजेच आजचे सियालकोट. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. आत्मा नसेल तर नागसेन या नावाने कोणाला ओळखायचे? नागसेन त्यालाच उलट विचारतो की, महाराज ज्या रथातून आले तो रथ म्हणजे काय. चाक, आस, जू की दांडी? त्या उत्तराने राजाचे समाधान होते, तरी त्याचे प्रश्न संपत नाहीत.

बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव सभोवतालच्या वनाला मिळाले. विद्यार्थ्याने मिलिंद व्हावे आणि त्याला नागसेनाच्या छायेत वावरता यावे, एवढी अपेक्षा त्या दोन नावांत सामावलेली आहे. त्या परिसरात शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसांनी पुढे मराठी साहित्यालाही प्रश्न विचारले: या पुस्तकांत आम्ही कोठे आहोत? डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे आणि ‘अस्मितादर्श’ यांनी दलित साहित्याची जी चर्चा उभी केली, तिचे एक मूळ तेथे आहे.

त्याच ग्रंथातील आणखी एक प्रसंग पालकांनी जरूर लक्षात ठेवावा. संवादाच्या आरंभी नागसेन राजाला विचारतो की, आपण पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत एखाद्याची चूक दाखवली जाते, खंडन होते, आणि तरीही कोणी रागावत नाही. राजा मात्र एखादी गोष्ट ठरवतो आणि जो असहमत होईल त्याला दंड फर्मावतो. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर मी बोलेन, अन्यथा नाही, असे तो सांगतो. राजा ती अट मान्य करतो.

प्रत्येक घरात ही निवड रोज करावी लागते. मूल जेव्हा पुस्तकातून डोके वर काढून विचारते, तेव्हा आपण त्याच्याशी पंडित म्हणून बोलतो की राजा म्हणून?

काकांची शंका

काकांची बाजू न ऐकता हा लेख पूर्ण होणार नाही. आम्ही नंतर त्यांच्याशी बोललो तेव्हा ते म्हणाले, “बाहेरचे लोक आपल्या ग्रंथावर सारखे शिंतोडे उडवतात. घरातच मुलांनी शंका घ्यायला सुरुवात केली, तर परदेशात त्यांना धरून ठेवायला काय उरणार?” ही भीती खोटी नाही. येथे आपल्या मुलांभोवती आपला समाज नाही. जयंतीचा एक दिवस आणि शुक्रवारचे दोन तास, एवढाच त्यांचा आधार.

पण इतिहास काय सांगतो ते पाहू. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला, ‘हिंदू धर्मातील कूटप्रश्न’. त्यातील राम आणि कृष्ण यांविषयीचे परिशिष्ट काढून टाकावे, असा आग्रह धरला गेला. १९८८ च्या आरंभी आपली माणसे प्रचंड संख्येने मुंबईच्या रस्त्यांवर उतरली. शेवटी परिशिष्ट राहिले. शासन त्या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप तेवढी जोडली गेली. आपल्या आई-वडिलांनी रस्त्यावर उभे राहून राखला तो एका माणसाचा ग्रंथांना प्रश्न विचारण्याचा हक्क. तो हक्क दुसऱ्यांच्या ग्रंथांपुरता आहे आणि आपल्या ग्रंथापाशी संपतो, असे म्हटले तर त्या लढ्याचा अर्थच उरत नाही.

प्रश्न म्हणजे कुचेष्टा नव्हे, हेही मुलांना शिकवावे लागेल. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. पण उपदेश तेथे थांबत नाही. जे स्वीकारायचे ते लोभ, द्वेष आणि मोह वाढवते की घटवते, आणि सुज्ञ त्याची प्रशंसा करतात की निंदा, हे स्वतः पारखा, असे ते पुढे सांगतात. मनाला येईल ते मानण्याची ही मुभा नाही. पारखण्याचे कष्ट त्यात अनुस्यूत आहेत.

आम्ही संगणकाच्या प्रणाली लिहून पोट भरणारी माणसे. आमच्या व्यवसायात कितीही ज्येष्ठ अभियंत्याने लिहिलेले काम सहकाऱ्याने तपासल्याविना वापरात जात नाही. तपासणाऱ्याने ‘हे असे का?’ म्हणून विचारले तर लिहिणाऱ्याचा मान कमी होत नाही. प्रणाली भक्कम होते. रोज कार्यालयात जे पाळतो ते घरच्या सतरंजीवर विसरावे, हे बरे नव्हे.

शुक्रवारची रीत

आता आमच्या वर्गात प्रत्येक वाचनानंतर मुले तीन प्रकारचे प्रश्न लिहितात. पहिला, पुस्तकात काय म्हटले आहे? दुसरा, लेखकाला हे कशावरून कळले, आणि हेच दुसऱ्या कोणी निराळे सांगितले आहे काय? तिसरा, हे खरे असेल तर आपण कसे वागले पाहिजे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात असते, दुसऱ्यासाठी दुसरे पुस्तक उघडावे लागते, आणि तिसऱ्याचे उत्तर मुलांना आमच्या वागण्यात दिसावे लागते. येथे इमारतीच्या हारिसला आणि घरकामाला येणाऱ्या बाईला आपण कसे संबोधतो, हा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न एका मुलाने नुकताच विचारला. ‘पंचशील म्हणता, मग त्यांच्यावर का ओरडता?’ असा त्याचा रोख होता. उत्तर देणे सोपे गेले नाही.

मोबाइलवर क्षणात उत्तर देणारी यंत्रे आता प्रत्येक मुलाच्या हाती आहेत. त्यामुळे उत्तर मिळवणे ही विद्या राहिलेली नाही. मिळालेल्या उत्तराला ‘कशावरून?’ असे विचारणे, हीच विद्या उरली आहे. ती विद्या आपल्याला उसनी आणावी लागणार नाही. मुक्ता साळवेच्या निबंधात, धोंडीबाच्या तोंडी, सुभेदारांच्या घरात आणि नागसेनवनात ती आपलीच आहे.

गेल्या शुक्रवारी काका वर्गात आले तेव्हा त्यांच्या हातात एक वही होती. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात बाबासाहेबांचे ते चार प्रश्न उतरवून घेतले होते. ते त्या मुलीशेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “दुसऱ्या प्रश्नाचं मला नीट समजलं नाही, ताई. आपण मिळून वाचू.”

दुसरा प्रश्न चार आर्यसत्यांचा आहे. त्याचे उत्तर अद्याप आमच्यापैकी कोणाकडेही पूर्ण नाही. वाचन चालू आहे. वाचकांनी आपापल्या घरी तो प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि त्यांच्यासोबत शोध घ्यावा, ही विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!